बंद डायमधलं फोर्जिंग: पोलाद कुठल्या वाटेनं वाहतं ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साधारण ४ किलोचा एक पोलादी लिव्हर तुम्ही जाड प्लेटमधून कापून, मशीनिंग करून बनवता. एका टोकाला मोठा बॉस (जाड गोल उठाव), दुसऱ्या टोकाला भोक असलेला डोळा, मधे जवळपास काटकोनात वाक. वापरात तीन नग वाकाच्या आतल्या कोपऱ्यात तडकले. वरिष्ठ म्हणतात, ‘फोर्जिंग करा, मजबूत होईल.’ तर क्लोज्ड डाय फोर्जिंग म्हणजे नेमकं काय, उद्योगात ते कुठे वापरतात, आणि या लिव्हरला ते लागू पडेल का?

लागू पडेल. पण ‘फोर्जिंग केलं की मजबूत होतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही, तर डाय बनवूनसुद्धा लिव्हर त्याच कोपऱ्यात तडकेल. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

आधी तो का तडकला ते बघू. प्लेट काय किंवा सळई काय, पोलाद लाटून बनतं. ओतलेल्या पोलादात मँगनीज सल्फाइडचे बारीक कण असतात. गरम लाटताना ते मऊ असतात, त्यामुळे लाटण्याच्या दिशेनं लांबतात. रसायनातले लहानसहान फरकही त्याच दिशेनं ताणले जातात, आणि पोलादाच्या पोटात लाकडासारखे रेषे तयार होतात. कारखान्यात याला ग्रेन फ्लो म्हणतात, मी इथे तंतू म्हणेन. लाकूड रेषेच्या बाजूनं टिकतं आणि आडवं पटकन फाटतं, तसा प्रकार पोलादातही होतो, फक्त इतका टोकाचा नसतो. ताणसामर्थ्य दोन्ही दिशांना जवळपास सारखंच भरतं, म्हणून मटेरियलच्या सर्टिफिकेटवरून काही कळत नाही. फरक दिसतो तो चिवटपणात आणि थकव्यात, म्हणजे हजारो-लाखो वेळा उलटसुलट भार आला की. तंतूंच्या बाजूनं काढलेला इम्पॅक्टच्या, म्हणजे एका फटक्यात तोडून चिवटपणा मोजण्याच्या, चाचणीचा नमुना आणि आडवा काढलेला नमुना एकाच प्लेटचे असूनही आकडे बरेच वेगळे देतात.

तुमच्या लिव्हरची एक भुजा प्लेटच्या लाटणीच्या दिशेनं असेल, तर दुसरी तिला आडवी पडते. वाकाच्या कोपऱ्यात तंतू वळत नाहीत, ते सरळ येऊन कापलेल्या पृष्ठभागावर संपतात. तिथेच ताण सर्वांत जास्त, आणि तिथेच प्रत्येक लांबट सल्फाइडचं टोक उघडं. भेग सुरू व्हायला आणखी काही लागत नाही. फोर्जिंगनं काही मिळवायचं असेल तर ते हेच की तंतूंनी त्या कोपऱ्यात वळण घेतलं पाहिजे. ते आपोआप होत नाही, करवून घ्यावं लागतं.

आता प्रक्रिया. लोहार ऐरणीवर घण घालतो तेव्हा धातू मोकळ्या बाजूंना पसरतो, ते उघडं फोर्जिंग. बंद डायमध्ये वरच्या आणि खालच्या अशा दोन पोलादी ठोकळ्यांत भागाचा आकार उलटा कोरलेला असतो. तापवलेला तुकडा मधे ठेवून दाबला की धातू त्या पोकळीत भरतो. ऐकायला साच्यासारखं वाटतं, पण ओतकामाशी याची गल्लत करू नका. इथे धातू वितळलेला नसतो. तो घट्ट असतो, दाबाखाली चिकणमातीसारखा वाहतो, आणि वाहताना आपले तंतू सोबत घेऊन जातो.

‘बंद’ हा शब्दही थोडा फसवा आहे, कारण डाय पूर्ण बंद नसतेच. दोन भाग जिथे भेटतात तिथे चहूबाजूंनी एक अरुंद फट ठेवलेली असते आणि तुकड्यात थोडा जास्तीचा धातू घेतलेला असतो. तो जास्तीचा धातू फटीतून बाहेर पडतो, ती फ्लॅश. नवीन माणसाला फ्लॅश म्हणजे वाया गेलेला माल वाटतो. खरं तर पोकळी भरते ती फ्लॅशमुळे. फट पातळ असल्यामुळे तिथला धातू लगेच थंड होतो, कडक होतो आणि बाहेरची वाट अडवतो. आत दाब चढतो, आणि मग धातू नाइलाजानं उंच बरगड्यांत, खोल कोपऱ्यांत शिरतो. फट जाड ठेवली तर माल सुखासुखी बाहेर निघून जातो आणि कोपरे रिकामे राहतात. फार पातळ ठेवली तर दाब इतका वाढतो की डायच्या कडा बसतात किंवा डाय तडकते. धातूला कुठली वाट सोपी आणि कुठली अवघड करायची, हे ठरवणं म्हणजेच डायचं डिझाइन. फ्लॅशची जाडी किती घ्यावी याचा पोलादासाठी एक जुना ढोबळ हिशोब आहे: भागाचं वरून दिसणारं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ०.०१५ नं गुणायचं. तुमच्या लिव्हरसाठी ती जाडी सुमारे २ मिमी येते.

हाच लिव्हर घेऊन पुढचा हिशोब करून दाखवतो, म्हणजे गोष्ट हवेत राहणार नाही. फोर्जिंग ४ किलोचं. फ्लॅशला २० टक्के धरू, म्हणजे ४.८ किलो. तापवताना पृष्ठभागावर खपली धरते, तिला इंडक्शन हीटरमध्ये, म्हणजे विजेच्या कॉइलमध्ये तापवलं तर, साधारण १ टक्का जातो. तेलाच्या किंवा गॅसच्या भट्टीत त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो. एकूण ४.८५ किलो. ६० मिमी व्यासाची गोल सळई प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे २२२ ग्रॅम भरते, म्हणून तुकडा २१८ मिमी लांब कापावा लागेल. बळाचा हिशोबही असाच ढोबळ: फ्लॅशच्या अरुंद पट्टीसकट वरून दिसणारं क्षेत्रफळ २०,००० चौरस मिमी धरा. त्या तापमानाला आणि त्या वेगाला पोलादाचा वाहण्याचा विरोध १०० मेगापास्कलच्या आसपास असतो. आकाराच्या अवघडपणाचा गुणक फ्लॅश असलेल्या साध्या भागाला ५-६, आणि पातळ बरगड्या असलेल्या भागाला १० किंवा त्याहून जास्त. आपण ८ घेऊ. गुणाकार १६ मेगान्यूटन, म्हणजे साधारण १,६०० टन. मी असा भाग २,००० किंवा २,५०० टनांच्या प्रेसवर टाकेन. डाय झिजत जाते, तुकडा कधी थोडा गार येतो, आणि प्रेस रोज त्याच्या मर्यादेवर चालवला की आधी त्याची फ्रेम तक्रार करते.

तापमान. मध्यम कार्बनचं आणि क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद साधारण ११५० ते १२५० अंश सेल्सिअसला घेतात. कमी असलं तर बळ वाढतं आणि डाय झिजते, हे सगळ्यांना कळतं. जास्त झालं तर काय होतं हे मात्र बाहेरून दिसत नाही. १३०० च्या पुढे दाणे वाढतात, सल्फाइड विरघळून दाण्यांच्या सीमांवर पुन्हा बसतं आणि चिवटपणा जातो. आणखी वर दाण्यांच्या सीमा वितळू लागतात. त्याला आम्ही ‘जळणं’ म्हणतो, आणि जळालेलं पोलाद कुठल्याही हीट ट्रीटमेंटनं परत येत नाही, ते सरळ भंगारात जातं. म्हणूनच प्रेस काही कारणानं थांबला तर इंडक्शनच्या कॉइलमध्ये अडकलेले तुकडे गुपचूप पुढे सोडायचे नाहीत, हा नियम माझ्या शिफ्टमध्ये कधी मोडू दिला नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग: अंतिम पोकळीच्या आधीचं काम. सरळ सळईचा तुकडा थेट लिव्हरच्या पोकळीवर ठेवून दाबला तर काय होईल? जिथे माल जास्त आहे तिथून भरमसाट फ्लॅश निघेल, बॉसला माल कमी पडेल, आणि वाकाच्या जागी धातू आडवा ढकलला जाईल. म्हणून आधी मालाची वाटणी करतात. बॉसच्या बाजूला जाडी ठेवून भुजेचा भाग बारीक आणि लांब करतात. हॅमरवर हे फुलर आणि एजर नावाच्या खाचांत होतं, आजकाल बरेचदा रिड्युसर रोलमध्ये, म्हणजे तुकडा लाटून ठरावीक जागी बारीक करणाऱ्या रोलरांत. मग वाकवणं, त्यानंतर ब्लॉकर, ज्यात आकार येतो पण कोपरे मोठ्या त्रिज्येचे असतात, आणि शेवटी फिनिशर. प्रत्येक टप्प्याला धातू पुढच्या टप्प्यात कसा वाहेल याचा विचार लागतो. पूर्वी हे अनुभवावर आणि शिशाच्या किंवा प्लास्टिसिनच्या नमुन्यांवर ठरायचं. आता संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये धातूचा प्रत्येक बिंदू कुठून कुठे गेला ते दिसतं. सिम्युलेशन मला आवडतं, पण त्यातही घर्षणाचा आणि तापमानाचा आकडा आपणच भरतो हे विसरू नये.

यंत्रांबद्दल फार लांबण लावत नाही. हॅमर एका फटक्यात ठरावीक ऊर्जा देतो. त्याचं घणाचं वजन सेकंदाला ५-६ मीटर वेगानं येतं, डायला स्पर्श काही मिलिसेकंदांचाच, म्हणून पातळ भागही थंड होण्याआधी भरतात. एकाच पोकळीत तीन-चार फटके देता येतात. मेकॅनिकल प्रेसला स्ट्रोक ठरलेला असतो: एका टप्प्याला एक दाब, वेग चांगला, मोठ्या संख्येला आणि यांत्रिक हातांनी चालवायला सोयीचा. त्यात भाग वर ढकलणाऱ्या पिना असतात, त्यामुळे बाजूंचा उतार, म्हणजे ड्राफ्ट, हॅमरवर ५ ते ७ अंश लागतो तो ३ अंशांच्या आसपास आणता येतो. स्क्रू प्रेस या दोघांच्या मधला. हायड्रॉलिक प्रेस सावकाश आणि प्रचंड, तो मोठ्या भागांचा आणि वेगाला नाजूक धातूंचा. हातानं तुकडा फिरवून हॅमरवर काम काढणारा जाणता ऑपरेटर आवाजावरून सांगतो की डाय ‘बसली’. आतली पोकळी भरून दोन्ही भाग टेकले की फटक्याचा आवाज कोरडा होतो.

डाय बहुधा एच १३ सारख्या क्रोम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या हॉट वर्क पोलादाची किंवा हॅमरसाठी निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमच्या जास्त चिवट पोलादाची. पहिल्या तुकड्याआधी तिला १५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून घ्यायचंच. थंड डायवर सकाळचा पहिला फटका मारला आणि ती दुभंगली, असं मी एकदा पाहिलं आहे. तेव्हापासून डायचं तापमान मोजायची कांडी माझ्या खिशात असते. धातू गार होताना आकुंचन पावतो म्हणून पोकळी सुमारे १.५ टक्का मोठी कोरतात: ३०० मिमीच्या मापाला ३०४.५. वंगण म्हणून पाण्यात मिसळलेलं ग्रॅफाइट फवारतात. त्याचंही प्रमाण असतं. खोल पोकळीत वंगण आणि हवा अडकली की तिथे माल भरतच नाही, मग लोक दाब वाढवत बसतात. अशा वेळी तळाला हवा जायला बारीक भोक पाडणं हा साधा उपाय असतो. डायचं आयुष्य काही हजार नगांपासून काही दहा हजारांपर्यंत असतं, आणि ती सगळ्यात आधी झिजते ती धातू वळण घेऊन फ्लॅशमध्ये शिरतो त्या कडेला.

भाग बाहेर आला की गरम असतानाच फ्लॅश कापतात, भोक पाडायचं असेल तर पाडतात, वाकडा झाला असेल तर सरळ करतात. मग हीट ट्रीटमेंट, शॉट ब्लास्टिंग, तपासणी. काही व्हॅनेडियमयुक्त पोलादांना वेगळी हीट ट्रीटमेंट लागत नाही. फोर्जिंगनंतर कन्व्हेयरवर हवेत ठरावीक वेगानं गार केलं की हवं ते सामर्थ्य येतं. १९७० च्या दशकात जर्मनीत ४९ एमएनव्हीएस३ या पोलादापासून हे सुरू झालं, आणि आज ३८ एमएनव्हीएस६ सारखी पोलादं क्रँकशाफ्टसाठी सर्रास वापरतात. चिवटपणा थोडा कमी मिळतो, पण एक पूर्ण भट्टी वाचते.

दोषांवर मी मुद्दाम थांबतो, कारण तुम्ही फोर्जिंग विकत घेणार आहात. माल न भरणं आणि वरच्या-खालच्या अर्ध्यांचा मेळ न बसणं हे डोळ्यांना दिसतं आणि मापात सापडतं. लपणारा दोष म्हणजे लॅप, म्हणजे धातूची घडी. वाहताना धातूचा एक पदर स्वतःवरच दुमडतो, मधे खपली आणि ग्रॅफाइट अडकतं, आणि ती घडी कधीच जुळत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत स्टिअरिंगच्या एका भागाची लॉट हीट ट्रीटमेंटनंतर मॅग्नेटिक तपासणीत, म्हणजे भाग चुंबकित करून लोहकणांनी पृष्ठभागावरच्या भेगा शोधतात त्यात, नापास झाली. बारीक भेगा होत्या. आमच्याकडचे सगळे म्हणाले, तेलात बुडवताना तडकले असणार, हीट ट्रीटमेंटवाल्यांची चूक. मीही तेच लिहून द्यायच्या बेतात होतो. माझ्या वरच्या जुन्या माणसानं एक नग आडवा कापायला लावला. सूक्ष्मदर्शकाखाली भेगेच्या आत राखाडी खपली भरलेली होती आणि भेगेच्या दोन्ही काठांवर कार्बन उडालेला पांढरा पट्टा होता. तेलात पडलेल्या भेगेच्या काठांचा कार्बन उडायला सवडच मिळत नाही. ती भेग फोर्जिंगच्या तापमानाला अस्तित्वात होती, म्हणजे ती घडी होती, आणि ती आमच्याच ब्लॉकरमध्ये तयार झाली होती. तिथला कोपरा मी स्वतः लहान त्रिज्येचा काढला होता. धातू त्या कोपऱ्याला चिकटून न वळता उडी मारून पलीकडच्या भिंतीवर आदळत होता, आणि मागून येणारा माल त्यावर पडत होता. त्रिज्या वाढवली, लॅप गेला. तेव्हापासून कोणत्याही भेगेचं खापर कोणावर फोडण्याआधी मी ती कापून बघतो. तुम्हीही तसंच करा. तुमच्या तडकलेल्या तीन नगांपैकी निदान एक कापून भेगेची सुरुवात कुठून झाली हे बघितलं आहे का?

वापराकडे येतो. जिथे भार बदलता आहे, भाग तुटला तर माणूस मरू शकतो, आणि संख्या मोठी आहे, तिथे बंद डायचं फोर्जिंग सापडतं. वाहनात क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पुढच्या अॅक्सलचा बीम, स्टिअरिंग नकल (पुढचं चाक धरून वळवणारा भाग), व्हील हब, गिअरचे ब्लँक, प्रोपेलर शाफ्टचे योक. कनेक्टिंग रॉडची एक सुंदर गोष्ट आहे. त्याचं मोठं डोकं दोन भागांत लागतं. पूर्वी ते करवतीनं कापून दोन्ही तोंडं मशीन करायचे. आता सी ७० एस ६ सारख्या सुमारे ०.७ टक्का कार्बनच्या पोलादाचा रॉड अखंड फोर्ज करतात, आत लेझरनं बारीक खाच देतात आणि झटक्यानं तोडतात. तुटलेली खडबडीत तोंडं एकमेकांत इतकी नेमकी बसतात की टोपी जागेवर बसवायला वेगळी सोय लागत नाही. डिफरन्शियलचे बेव्हल गिअर तर बऱ्याच ठिकाणी दातांसकट फोर्ज होतात, दात कापावेच लागत नाहीत, आणि तंतू दाताच्या आकाराला धरून वळतात. विजेच्या गाड्यांत क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड राहत नाहीत, हे या धंद्यावर आलेलं खरं संकट आहे. पण नकल, हब, सस्पेन्शनच्या भुजा आणि गिअर राहतातच, आणि बॅटरीचं वजन वाढल्यामुळे चाकाजवळच्या भागांवरचा भार वाढतो.

त्या सस्पेन्शनच्या भुजांत ६०८२ सारखं अॅल्युमिनियम खूप वापरलं जातं. ते ४५० ते ५०० अंशांच्या आसपास फोर्ज करतात. त्या तापमानाला अॅल्युमिनियम लाल होत नाही. गरम आणि गार तुकडा डोळ्याला सारखाच दिसतो, म्हणून पोलादावर रंग बघून काम शिकलेला माणूस इथे सुरुवातीला चुकतो. शिवाय वितळण्याची सुरुवात फार जवळ असते, त्यामुळे तापमान वर-खाली व्हायला मोकळीक कमी.

विमानात हाच प्रकार टोकाला जातो. लँडिंग गिअरचे भाग, पंखांचे सांधे, आणि धडाच्या आडव्या भिंती टायटॅनियमच्या किंवा उच्च सामर्थ्याच्या पोलादाच्या मोठमोठ्या डाय फोर्जिंगमधून काढतात. बोइंग ७७७ च्या मुख्य लँडिंग गिअरचा ट्रक बीम, म्हणजे चाकांचे आस धरणारा बीम, टीआय-१०-२-३ या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे. नेहमीच्या टीआय-६-४ चं स्फटिक रूप ९९५ अंशांच्या आसपास बदलतं, आणि बहुतेक काम त्याच्या थोडं खाली करतात. अशा भागांना लागणारं बळ साध्या कारखान्याच्या कल्पनेपलीकडचं असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं ३०,००० टनांचा प्रेस वापरून विमानांचे मोठे भाग एकसंध काढले. युद्धानंतर अमेरिकेच्या हवाई दलानं अवजड प्रेसचा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९५५ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅसॅच्युसेट्समधल्या ग्राफ्टन इथे ५०,००० टनांचे दोन फोर्जिंग प्रेस सुरू झाले. रशियात वेर्खन्याया साल्दा इथे ७५,००० टनांचा आहे, आणि चीनमध्ये देयांगचा ८०,००० टनांचा २०१३ मध्ये कामाला लागला. आपल्या लिव्हरला १,६०० टन पुरतात, त्याशेजारी हे आकडे ठेवून बघा. जेट इंजिनाच्या निकेलच्या मिश्रधातूच्या डिस्कसाठी तर डायच भागाइतकी तापवतात. मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूची डाय, निर्वात किंवा निष्क्रिय वायूची पेटी, आणि अगदी सावकाश दाब. डाय गारच नसते, त्यामुळे धातूला थिजायला कारण उरत नाही, आणि फार कमी बळात पातळ आकार भरतो.

तेल आणि वायूच्या पाइपलाइनमध्ये फ्लँज, टी आणि एल्बोसारखी फिटिंग, आणि ५० मिमीपर्यंतच्या लहान व्हॉल्व्हची बॉडी फोर्ज केलेली असते. तिथे कारण थकव्यापेक्षा गळती हे आहे: ओतकामात सच्छिद्रता राहू शकते, आणि उच्च दाबाच्या वायूला तेवढीच वाट पुरते. क्रेनचे हुक, साखळ्यांच्या कड्या, खाणीतली आणि शेतीची अवजारं, क्रोम-व्हॅनेडियमचे पाने आणि पक्कडी, कृत्रिम खुब्याच्या सांध्याचा टायटॅनियमचा दांडा, ही सगळी याच कुटुंबातली. घरातला एखादा चांगला पाना हातात घ्या आणि कडेनं बघा. मधोमध घासलेली पुसट रेघ दिसली, तर ती फ्लॅश कापल्याची खूण असते.

फोर्जिंग कुठे नको? पोकळ, आत वळणं असलेला आकार असेल तर ओतकामच करा. कित्येक पेट्रोल इंजिनांचे क्रँकशाफ्ट तन्य बिडाचे ओतलेले असतात आणि ते आपलं आयुष्य व्यवस्थित भरून काढतात, त्यामुळे ओतकाम म्हणजे कमी दर्जाचं असं मी म्हणणार नाही. वर्षाला पन्नास-शंभर नग लागत असतील तर डायचा खर्च निघणार नाही. तिथे तंतूंची दिशा नीट निवडून प्लेटमधून कापा, किंवा सळई गरम वाकवून मग मशीन करा. भाग फक्त आकाराला आहे, भार जेमतेम आहे, तिथेही नको.

तुमच्या लिव्हरला संख्या पुरेशी आहे असं धरून, फोर्जिंगवाल्याशी बोलताना या गोष्टी पकडून ठेवा. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: तुकडा सळईचा घ्यायला लावा आणि फिनिशरच्या आधी तो वाकवलाच पाहिजे, हे रेखाचित्रावर लिहा. कोणी वाकवण्याचा टप्पा वाचवण्यासाठी रुंद चपटा तुकडा सरळ दाबून त्यातूनच वाक काढतो म्हणाला, तर थांबवा. तसं केलं तर बाहेरून फोर्जिंग दिसेल, आतले तंतू मात्र आजच्या प्लेटसारखेच सरळ राहतील आणि कोपऱ्यात तुटतील.

दुसरी गोष्ट पार्टिंग लाइनची, म्हणजे डायचे दोन भाग जिथे भेटतात त्या रेषेची. फ्लॅशच्या दिशेनं तंतू बाहेर वळलेले असतात, आणि फ्लॅश कापली की त्यांची टोकं उघडी पडतात. ती रेषा जास्तीच्या ताणाच्या जागेवरून जाणं टाळायचं. तुमच्या लिव्हरचा वाक आणि भार दोन्ही एकाच पातळीत आहेत. लिव्हर डायमध्ये आडवा ठेवला की पार्टिंग लाइन त्याच्या बाहेरच्या कडेनं फिरते, म्हणजे नेमकी वाकाच्या आतल्या कोपऱ्यातून जाते. इथे तडजोड करावी लागेल. मी कोपऱ्याची त्रिज्या आत्ता आहे त्यापेक्षा बरीच मोठी घेईन, तिथे मशीनिंगसाठी २ ते ३ मिमी माल ठेवेन आणि ती फ्लॅशची रेघ मशीनवर पूर्ण काढून गुळगुळीत करेन. वजन वाढतं म्हणून त्रिज्येवर कंजूषपणा करू नका. धातूला वळायला जागा आणि ताणाला पसरायला जागा, दोन्ही त्याच त्रिज्येतून मिळतात.

मापांची सूट ईएन १०२४३-१ या युरोपीय मानकाप्रमाणे मागा. त्यात एफ ही नेहमीची आणि ई ही काटेकोर अशा दोन श्रेणी आहेत. ई श्रेणी सगळीकडे मागू नका. जी मापं मशीन होणार आहेत त्यांना तिचा उपयोग नाही, आणि डाय मात्र लवकर बदलावी लागते. पोलाद ४२ सीआरएमओ४ हे क्रोम-मॉलिब्डेनमचं ठेवायला हरकत नाही, सध्या तेच वापरत असाल तर बदलू नका, म्हणजे फरक कशामुळे पडला हे कळेल. हीट ट्रीटमेंटनंतर प्रत्येक नगाची मॅग्नेटिक तपासणी मागा, सॅम्पलवर समाधान मानू नका.

आणि पहिल्या नमुन्यातले दोन नग कापायला मागून घ्या. एक लिव्हरच्या पातळीत, दोन्ही भुजांच्या मधोमध, लांबीनं कापा. घासून, पॉलिश करून, निम्म्या पाण्यात निम्मं हायड्रोक्लोरिक आम्ल अशा ७० ते ८० अंशांच्या द्रावात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. वाफा घातक असतात, म्हणून धुराडं, हातमोजे आणि गॉगल असल्याशिवाय नको, किंवा हे प्रयोगशाळेकडूनच करून घ्या. धुऊन वाळवला की तंतू उघड्या डोळ्यांना दिसतात. वाकाच्या आतल्या कोपऱ्यावर नजर ठेवा. रेषा एका भुजेतून येऊन कोपऱ्याला समांतर वळून दुसऱ्या भुजेत जात असतील, तर उत्पादनाला मंजुरी द्या. एखादी रेषा स्वतःवर दुमडलेली दिसली, किंवा रेषा येऊन कोपऱ्यात संपल्या, तर तो नग आणि फोटो घेऊन फोर्जिंगवाल्याच्या डाय डिझायनरसमोर बसा आणि वाकवण्याच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करायला सांगा. दुसरा नग वाकाच्या जागी आडवा कापा. त्यात मध्यभागी सळईच्या गाभ्याचा गडद ठिपका कुठे सरकला आहे ते दिसेल. तो आतल्या कोपऱ्याच्या पृष्ठभागाजवळ आला असेल तर मला कळवा, कारण मग वाकवण्याआधीची मालाची वाटणी बदलावी लागेल. त्यासाठी रिड्युसर रोलचा आराखडा लागेल, तो पाठवलात तर मी बघून सांगेन.